आठ दिवस, तीन गावं आणि टेकडीवरचं घर

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाच जण समुद्रकाठच्या गावी जायचं म्हणतोय. मी, नवरा, पंधरा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. हाताशी आठ दिवस आहेत. नवऱ्याने फोटो बघून तीन गावं काढली आहेत आणि तिन्ही उरकू म्हणतो. मला एकाच ठिकाणी निवांत राहायचंय, पण मुलं कंटाळली तर काय, हीही धास्ती आहे. मुलगा पोहण्याच्या तलावात उत्तम पोहतो, त्यामुळे पाण्याची काळजी नको असं घरात सगळे म्हणतात. मला मात्र आत्तापासून झोप नाही. नवऱ्याने पसंत केलेलं घर टेकडीवर आहे, गॅलरीतून म्हणे सगळा समुद्र दिसतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात. कोणाचं ऐकू?
ता. क. सासूबाई म्हणतात, "मला काही पाण्यात उतरायचं नाही, मी येऊन काय करू?"
– काळजीवाहू सरकार

उत्तर :

काळजीवाहू ताई,

एकाच गावी राहा. निकाल आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुमच्या नवऱ्याची बाजू मला कळते. फोटोत तिन्ही गावं सारखीच सुंदर दिसतात, मग एकावरच का थांबायचं? पण जरा हिशेब मांडा. मुक्काम हलवायचा म्हणजे सकाळी सामान बांधायचं, दहा-अकराला खोली सोडायची, मधला प्रवास करायचा, नवी खोली दुपारनंतर मिळणार म्हणून तोवर बॅगा राखत कुठेतरी बसायचं आणि संध्याकाळी नव्या गावात दूध कुठे मिळतं इथपासून सुरुवात करायची. तो दिवस गेलाच समजा. तीन गावं म्हणजे असे दोन दिवस, शिवाय घरून जाण्या-येण्याचे दोन. आठातले चार उरले, आणि तेही तीन ठिकाणी विखुरलेले.

याहून मोठं कारण वेगळं आहे. नावाजलेल्या किनारी गावाचं दिवसाचं रूप आणि सकाळ-संध्याकाळचं रूप यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. इटलीत चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावं आहेत, कड्यांना बिलगलेली, रंगीत घरांची. १९९७ साली त्यांचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे आगगाडीने आणि बोटीने दिवसापुरते येणारे लोक उशिरा सकाळी उतरतात, संध्याकाळी परततात, आणि भर हंगामात मधल्या वेळी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. मुक्कामाला राहणाऱ्याला मात्र पहाट मिळते आणि शेवटची गाडी गेल्यानंतरची संध्याकाळ मिळते. जगातल्या बहुतेक देखण्या किनारी गावांत कमीअधिक हेच चालतं. तीन गावं पळत पाहणाऱ्याच्या वाट्याला तिन्ही गावांची दुपार येते, आणि उन्हाळ्यातली दुपार ही किनाऱ्यावरची सगळ्यात वाईट वेळ.

म्हणून नवऱ्याला 'नाही' म्हणू नका. तिघांतलं एक गाव त्यांनीच निवडावं, असं सांगा. दुसरं एखादं जवळ असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी लवकर निघून जेवणाच्या वेळेपर्यंत परत या. तिसरं पुढच्या वर्षी.

आता तारखा. रजा पुढेमागे करता येत असेल, तर चंद्र बघून ठरवा. यात ज्योतिष काही नाही. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि नेहमीपेक्षा खाली उतरतं, हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं, हा भांग. दोन्हींचा परिणाम बऱ्याच किनाऱ्यांवर एखाद-दोन दिवस उशिरा दिसतो. अष्टमीच्या आसपास पोहोचलात आणि अमावास्या किंवा पौर्णिमेला निघालात, तर तुमच्या नेमक्या आठ दिवसांत भांगापासून उधाणापर्यंत सगळं बघून होतं. पहिले दिवस पाण्याशी ओळख करून घ्यायला बरे, कारण भरती-ओहोटीचे प्रवाह तेव्हा मंद असतात. शेवटचे दिवस खडकांत हिंडायला, कारण एरवी पाण्याखाली राहणारे खडक मोठ्या ओहोटीला उघडे पडतात. अमावास्येकडे जाणारा आठवडा घेतलात तर रात्री गडद अंधार आणि तारे मिळतील, पौर्णिमेकडे जाणारा घेतलात तर रोज वाढतं चांदणं. माझा कल अमावास्येकडे आहे. शहरातल्या मुलांनी चांदणं पाहिलेलं असतं, अंधार पाहिलेला नसतो.

मुलं कंटाळतील, या धास्तीचं निम्मं उत्तर इथेच आहे. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोजची वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पहिल्या दिवशी दुपारी चारला भरती असेल तर आठव्या दिवशी चारच्या सुमाराला ओहोटी असते. जिथे पहिल्या दिवशी पाणी होतं, तिथे शेवटच्या दिवशी मुलगा चालत जाईल. फक्त त्या जागेचा भरती-ओहोटीचा तक्ता मिळवा, कारण किनाऱ्या-किनाऱ्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं, तर भूमध्य समुद्राच्या बहुतेक काठांवर हा फरक फूट-दीड फुटाच्या घरातच राहतो. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते. दुसऱ्या गावाची वेळ इथे चालवू नका.

तक्ता असला तरी एक गोष्ट त्यात लिहिलेली नसते. भरतीचे सहा तास पाणी एका गतीने चढत नाही. जुना ठोकळ हिशेब असा : एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. खडकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेलेली माणसं याच दोन तासांत अडकतात. पहिला तास काही हललेलं दिसत नाही, म्हणून निर्धास्त बसतात, आणि उठतात तेव्हा परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. पाणी उतरत असताना जायचं आणि पूर्ण ओहोटीच्या वेळी परत फिरायचं. फोटो अजून निघायचे आहेत, ही सबब त्या वेळी ऐकायची नाही.

घर. टेकडीवरच्या घरातून समुद्र छान दिसतो, पण समुद्रावर जायला दिवसातून दोनदा उतरावं आणि दोनदा चढावं लागतं. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात क्लोव्हेली नावाचं एक गाव आहे. त्याचा दगडी रस्ता बंदराकडे इतका सरळ उतरतो की तिथे मोटारी जातच नाहीत. लोक सामान घसरगाडीवर घालून खाली ओढत नेतात. फोटोत ते गाव बघणाऱ्याला जागेवरून उठवत नाही इतकं सुंदर आहे. पण दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला तिथे न्यायचं तर आधी विचार करावा लागतो. तुमचं गाव इतकं उभं नसेलही, तरी घरमालकाला फोन करून अगदी रोखठोक विचारा : गाडी दारापर्यंत येते का, येत नसेल तर किती पायऱ्या, पायऱ्यांना कठडा आहे का, खोली तळमजल्यावर मिळेल का, संडासात पकडायला दांडी आहे का. "थोडंसंच चढायचंय" हे उत्तर धरू नका. रोज चढणाऱ्याला ते थोडंसंच वाटतं. पायऱ्यांचा आकडा मागा. आकडा सांगायला मालक टाळाटाळ करू लागला, तर घर बदला.

माझ्या मते घर समुद्राच्या पातळीला आणि गावाच्या आत घ्यावं, अगदी पाण्यासमोरही नको. पाण्यासमोरच्या खोलीला भरतीचा आवाज रात्रभर असतो. पहिल्या रात्री तो कवितेसारखा वाटतो, तिसऱ्या रात्री सासूबाई कानात कापूस घालतात. शिवाय मासेमारीचं गाव असेल तर धक्क्यावर पहाटे चारलाच इंजिनं सुरू होतात, त्याबद्दल तक्रार करायचा हक्क पाहुण्याला नाही. आतल्या गल्लीतल्या घरी झोप लागते, आणि पाच मिनिटं सपाट चाललं की समुद्र. गॅलरीतला समुद्र तुमच्या नवऱ्याला हवाच असेल, तर एका संध्याकाळी ते टेकडी चढून बघून येऊ शकतात. त्यांचे गुडघे ठीक आहेत असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

फोनवर असताना पाण्याचंही विचारून घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी उभं असेल, तर त्याच्या जोरावर खाली साधारण ४० मीटर जाडीचा गोड्या पाण्याचा थर टिकतो. उपसा वाढून वरची पातळी घसरली की खारं पाणी त्याच प्रमाणात वर सरकायला लागतं, आणि एकदा खारट झालेली विहीर लवकर सुधारत नाही. उन्हाळ्यात पाऊस नसलेल्या किनाऱ्यावर नेमके पाहुणे जास्त आणि पाणी कमी अशी गत होते. पाण्यातून आल्यावर प्रत्येकाने पंधरा मिनिटं शॉवरखाली उभं राहायचं नाही, अंगावरचं मीठ बादलीभर पाण्यात निघतं.

आता तुमची झोप उडवणारा प्रश्न. तुमचं बरोबर आहे आणि घरातल्या बाकी सगळ्यांचं चुकतंय. तलावातलं पोहणं ही चांगली सुरुवात आहे, पण तलावाला तळ दिसतो, कड असते, आणि त्यातलं पाणी कुठे निघालेलं नसतं. समुद्राचं पाणी सतत कुठेतरी निघालेलं असतं.

सगळ्यात आधी मुलाला रिप करंट दाखवा. लाटा काठाकडे पाणी आणून टाकतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या बांधात जिथे खोलगट फट असेल तिथून एका अरुंद पट्ट्याने जोरात समुद्राकडे निघतं. हा ओघ नेहमी सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असतो, पण कधीकधी दोन मीटरच्याही पुढे जातो, आणि तेवढ्या वेगाला अव्वल शर्यतीचे पोहणारेही फार वेळ पुरे पडत नाहीत. फसगत अशी की तो दिसतो शांत. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मध्ये एक गडद, न फुटणारा, जरा गढूळ पट्टा आहे, असं दिसलं की नवखी माणसं नेमकी त्याच पट्ट्यात मुलांना उतरवतात. पाण्यात जायच्या आधी जरा उंचावर उभं राहून दहा मिनिटं लाटा बघायच्या आणि असा पट्टा मुलानेच शोधून दाखवायचा, हा रोजचा नियम करा. अकराव्या वर्षी मुलांना शोधायचं काम दिलं की सक्ती वाटत नाही.

त्यात सापडलाच तर काय करायचं, हे घरीच, कोरड्या जमिनीवर, पाठ करून घ्या. रिप करंट माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. माणसं बुडतात ती काठाकडे उलटं पोहत दमून गेल्यामुळे. म्हणून पहिलं काम तरंगणं, दुसरं हात वर करून ओरडणं. अंगात जोर असेल तर काठाला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हायचं आणि मग जिथे लाटा फुटतायत तिथून, लाटांच्या मदतीने आत यायचं. ओघ सुटला नाही तर तरंगतच राहायचं. आणि मोठ्यांसाठी : मुलामागे तशीच उडी टाकायची नाही. वाचवायला गेलेला बाप किंवा मामा बुडाला आणि मूल परत आलं, असं पुष्कळदा घडतं. जीवरक्षकाला हाक मारा, आणि हाताशी असेल ते तरंगणारं काहीही, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन का होईना, फेका.

जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा. नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी नाही, यावर घासाघीस नको. बऱ्याच देशांत वर लाल आणि खाली पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या मधल्या पाण्यावर लक्ष ठेवलेलं असतं. नुसता लाल म्हणजे उतरू नका. काही ठिकाणी जांभळा झेंडा लावतात, तो जेलीफिशसारख्या प्राण्यांचा इशारा. झेंडा नसलेल्या गावात किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारा, आणि तो "आज नको" म्हणाला तर कारण न विचारता परत या. आकाश स्वच्छ आहे, वारा नाही, म्हणून समुद्र शांत असेल असं नसतं. हजारो किलोमीटर दूर झालेल्या वादळाच्या लाटा दोन-तीन दिवसांनी तुमच्या निळ्याशार सकाळी येऊन पोहोचतात.

हवा भरलेली बदकं, मगरी आणि चाकं घरीच ठेवा. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असतो तेव्हा काठाजवळचं पाणी गुळगुळीत दिसतं, मुलं खुशाल तरंगतात, आणि वारा त्यांना खोल समुद्राकडे घेऊन जातो. सुटलेलं बदक पकडायला कोणीही जायचं नाही, ते गेलं.

पाळत कोणाची, हे नावानिशी ठरवा. पाच माणसं किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. अर्धा-अर्धा तास वाटून घ्या. ज्याची पाळी त्याचा मोबाइल पिशवीत. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही, कारण तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात श्वासच घेऊन होतो. गप्प उभं राहिल्यासारखं, मान मागे टाकलेलं मूल दिसलं तर खेळतंय असं समजू नका.

आणखी एक, हे फारसं कोणी सांगत नाही : कड्याच्या पायथ्याशी सावली असते म्हणून तिथे सतरंजी अंथरू नका. त्याच चिंक्वे तेर्रेतल्या दोन गावांना जोडणारी कड्यातली प्रसिद्ध वाट २०१२ साली दरड कोसळून माणसं जखमी झाल्यावर बंद केली, ती पुन्हा नीट उघडायला २०२४ साल उजाडलं. सावली हवी तर छत्री न्या.

उन्हाचं थोडक्यात. सकाळी दहा ते दुपारी चार पाण्यावर नको. वाळूवरून सुमारे १५ टक्के आणि लाटांच्या फेसावरून सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत उसळतात, त्यामुळे छत्रीखालीही हनुवटी आणि मान भाजते. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर घरात जायची वेळ झाली, ही खूण मुलांनाही कळते. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा मला जास्त भरवशाचा वाटतो, तो दर दोन तासांनी लावावा लागत नाही. जवळ प्रवाळ असतील तर आणखी एक कारण : प्रशांत महासागरातल्या पलाऊ या छोट्या बेट-देशाने २०२० पासून आणि अमेरिकेच्या हवाई राज्याने २०२१ पासून प्रवाळांना घातक मानलेली काही रसायनं असलेली सनस्क्रीनं बंद केली आहेत.

बोटीतून फिरायचं ते सकाळीच. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येऊ लागतो. हा वारा दुपारनंतर जोर धरतो आणि पाणी खवळतं. सकाळी सातच्या आणि दुपारी तीनच्या फेरीत पोटाला पडणारा फरक मोठा असतो. लाइफ जॅकेट नसलेल्या बोटीत चढू नका, मग नावाडी कितीही वर्षांचा अनुभवी असो.

दुपारी काय करायचं? काही नाही. खरंच काही नाही. झोपा, पत्ते खेळा, मुलांना कंटाळू द्या. तिसऱ्या दिवशी मुलगा "इथे काहीच नाहीये" म्हणेल, तेव्हा लगेच सहल ठरवू नका. पाचव्या दिवशी त्याला कोणत्या होडीचा रंग कोणता आणि कोणत्या खडकाखाली खेकडा असतो हे माहीत असेल. त्याला मदत म्हणून एक प्रयोग सांगते. स्वच्छ संध्याकाळी किनाऱ्यावर पालथं पडून सूर्य बुडताना बघायचा, आणि शेवटचा ठिपका गेला की झटकन उभं राहायचं. सूर्य क्षणभर पुन्हा दिसतो, कारण उभ्या माणसाचं क्षितिज लांब असतं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून ते जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असतं. तीस मीटर उंच टेकडीवरून साधारण वीस किलोमीटरवर जातं. नवऱ्याला टेकडीवर न्यायला हे निमित्त बरं आहे. (ओहोटीच्या डबक्यांत हात घालताना खेकडा उचलला तर तिथेच परत ठेवायचा, उलटा केलेला दगड पुन्हा सुलटा करायचा. त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात.)

अंधाऱ्या रात्री मोबाइलचे दिवे बंद करून पाण्यात हात फिरवून बघा. काही किनाऱ्यांवर काही हंगामांत पाण्यातले अतिसूक्ष्म जीव हलवल्यावर निळसर चमकतात. दिसेलच असं वचन मुलांना देऊ नका. कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यावर तर दिवे बंद ठेवायलाच हवेत, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर पोहोचतात.

मुलीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण पंधरा वर्षं म्हणजे फोटो आलेच. तिला दोनच गोष्टी सांगा. माणसांचा फोटो विचारून काढायचा. जाळं दुरुस्त करणारा माणूस त्या वेळी नोकरीवर असतो, तुमच्या सुट्टीचा देखावा नसतो. आणि फोटोखाली नेमकी जागा लिहायची नाही. थायलंडमधला माया बे हा छोटा किनारा इतका गाजला की माणसांच्या आणि बोटींच्या भाराने तिथले प्रवाळ मोडले, २०१८ साली तो बंद करावा लागला आणि २०२२ साली बंधनं घालून उघडला. शंख-शिंपले गोळा करण्याबाबतही गावात आधी विचारून घ्या. सार्डिनिया बेटावर तर २०१७ पासून वाळू आणि शिंपले नेणं कायद्याने गुन्हा आहे. लोक बाटल्या भरभरून नेत होते. रिकामा दिसणारा शंख साधू खेकड्याचं पुढचं घर असतो, एवढं सांगितलं तरी मुलगा ऐकेल.

राहिल्या सासूबाई. "मी येऊन काय करू" हे वाक्य मी नकार म्हणून वाचलं नाही. आपलं ओझं होईल का, हे त्या विचारतायत. त्याचं उत्तर "या हो, मजा येईल" असं देऊन भागत नाही, व्यवस्था करून द्यावं लागतं. चालण्याची वेळ त्यांच्या सोयीने ठरवा. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला पक्क्या रस्त्यापेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते आणि पाय वेडावाकडा पडतो, दुखऱ्या गुडघ्यांना ते वाईटच. पण ओहोटीला पाणी सरकलं की मागे राहणारी ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते. तिथे, जिथे उतार कमी आहे अशा पट्ट्यात, सकाळी लवकर त्या सहज चालतील. उतरत्या पुळणीवर एकाच दिशेला लांब चालवू नका, एक पाय सतत खाली राहून गुडघा आणि कंबर दोन्ही धरतात. सोबत उचलायला हलकी, टेकायला पाठ असलेली घडीची खुर्ची घ्या. जमिनीवर बसून उठणं त्यांना जमणार नाही, आणि त्या ते बोलून दाखवणार नाहीत.

पाळतीच्या वाटणीत त्यांचंही नाव घाला, मुलामागे धावायला नव्हे, भरतीचा तक्ता सांभाळायला. रोज रात्री उद्याच्या वेळा त्यांनी सांगायच्या, खडकांत जायला आणि परतायला त्यांची परवानगी लागेल. नवऱ्याला बायकोने "आता परत फिरा" म्हटलेलं ऐकू येत नाही, आईने म्हटलेलं येतं.

आणि त्यांना येणार का म्हणून पुन्हा विचारू नका. तळमजल्यावरची खोली ठरली की फोन त्यांच्या हातात द्या आणि पलंग किती उंच आहे ते त्यांनाच मालकाला विचारू द्या.